पीळ

शिवाजीनगर मुख्यालयाच्या कोतात
सकाळी साडेसहाला
दस्तगीर मुजावर पिस्तुलाची नळी सुटी करतात
मॅगझिन बाजूला, चेंबरमध्ये करंगळी घालून
रिकामं आहे याची खात्री,
मग पुन्हा एकदा खात्री
आणि नळी खिडकीकडे धरतात.
"लांडगे, ये. काय दिसतं?"

मी नवी. कोर्स करून तीन आठवडे.
म्हटलं, उजेड.
"उजेड सगळ्यांनाच दिसतो. कडा बघ."

कडा होत्या. सहा खाचा, सहा उंचवटे,
उजव्या हाताला वळत वळत आत गेलेले.
सोऱ्यातून चकली काट्यासकट उतरते
तशी गोळी इथून उतरत असणार,
अंगावर ओरखडे घेऊन, गरगरत,
म्हणून सरळ.
"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," ते म्हणाले,
"ही म्हण आमच्या खात्यातल्या माणसानं केली असणार."

मग दुसरी नळी. नव्या पिस्तुलाची.
आत काहीच नाही, मी म्हटलं. गुळगुळीत.
"काहीच नाही असं काही नसतं. फिरव."
फिरवली. तेव्हा दिसलं की भोक गोल नाही,
षटकोन आहे,
कोपरे पायरीच्या दगडासारखे झिजलेले,
आणि तो षटकोनही वळतोय,
कुणाला न सांगता.
"पीळ आहे. कडा नाहीत.
लॅबवाल्यांना हिची गोळी फारसं बोलत नाही.
आणि हिला उघडं शिसं चालत नाही. लिही."

लिहिलं.
शिसं मऊ. कडेवर ते चिरतं,
इथं घसरतं, चोपडतं,
दुधाच्या पातेल्याला साय धरावी तसं
थरावर थर.
वाट अरुंद, दाब तेवढाच, मग जास्त.
नळी आतून काय झालीय ते
बाहेरून चकचकीत पुसणाऱ्याला कळत नाही.
हिला तांब्याचा अंगरखा घातलेलीच गोळी.
नळीवरचं माप, पुंगळीवरचं माप, दोन्ही वाचायची.
अंदाजानं नाही. वाचायची.

मार्चअखेर साळोखे साहेबांनी पेट्या पाठवल्या,
अकरा हजार राऊंड, सरावासाठी, स्वस्तातले,
डोकं उघडं, करडं.
"माप तेच ना मुजावर? नाइन एमएम?"
"तेच साहेब."
"मग?"
मुजावरांनी आपला चष्मा काढला,
साहेबांच्या हातात ठेवला.
"घाला."
कोतात पंखा तेवढा आवाज करत होता.
"फ्रेम बसते, साहेब. नंबर बसत नाही."

पेट्या जुन्या, खाचांच्या पिस्तुलांकडे वळल्या,
तेही कंपनीचं पत्र मागवून,
शाईचा शिक्का पाहून.
चष्मा परत आला. काचेवर अंगठ्याचा ठसा होता.

त्या पेट्यांतलाच एक राऊंड
एप्रिलमध्ये रेंजवर नीट वाजला नाही.
ठो नाही, नुसतं फुस्स,
कुणीतरी जांभई दाबावी तसं.
शिपाई नेवाळेनं स्लाइड मागं ओढली,
बोट पुन्हा घोड्याकडे,
आणि उजव्या कानानं ठार बहिरे असलेले मुजावर
चाळीस पावलांवरून ओरडले,
"थांब! तोंड समोरच! बोट बाहेर!"
गोळी नळीच्या निम्म्यात अडकून बसली होती.
लाकडी दांड्यानं काढली.
नेवाळे त्यानंतर बराच वेळ
आपल्या हाताकडे बघत बसला.
चहा आला तर डाव्या हातानं घेतला.

मेमध्ये मुजावर निवृत्त झाले.
शाल, नारळ, फोटो.
फुलतरूची दोरी नवी करून गेले,
चिंध्या एका मापाच्या कापून गेले
आणि कोंढव्याला मुलाकडे राहायला गेले.
फोन केला की आधी विचारतात,
तेल कोणतं आलंय?

परवा नवे साहेब आले.
पेटीचं झाकण उचलून म्हणाले,
"माप तर तेच दिसतंय, लांडगे."
माझा हात आपोआप नाकाकडे गेला.
चष्मा लागत नाही मला
अजून.